दादीचा व्हिडिओ काढण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात कारंज्याच्या एका मंगल कार्यालयात माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. नवरीच्या एन्ट्रीला डीजेवाल्याने ट्रॅक लावला. आधी ढोल, मग छातीत धडधडणारा बेस, आणि त्याच्यावर एका म्हातारीचा उंच, थरथरता आवाज. भाड्याने आणलेला फेटिया-कांचळीचा ड्रेस घालून नवरी चालत होती. सगळ्यांचे मोबाइल वर होते. माझ्या शेजारी दादी बसली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि घाबरून विचारलं, "कुण मरगो?"

कोण मेलं?

आवाज तिचाच होता. आणि रेकॉर्डिंग माझं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडून एक ढावलो रेकॉर्ड करून घेतला होता. त्रेचाळीस मिनिटांची फाइल. मी ती कौतुकाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. एका चुलतभावाने त्यातले अठ्ठावीस सेकंद कापले, खाली 'आपली संस्कृती, आपला अभिमान' लिहिलं आणि रील केलं. ते चाललं. कोणीतरी त्याचं रिमिक्स केलं. आणि आता ते एका भरल्या मांडवात वाजत होतं, जिथे ते वाजायला नको होतं.

मला कोणावर केस करायची नाही. भावाच्या मनात वाईट काही नव्हतं, माझ्याही नव्हतं. पण 'मौखिक इतिहास जतन करा' या नावाने आपल्याकडे जे चाललंय, त्याबद्दल आता मला भांडायचंय. प्रत्येक समाजाचं एक यूट्यूब चॅनल आहे, प्रत्येक घरात एक नातू आहे आणि त्या नातवाच्या हातात फोन आहे. म्हातारी बोलते, नातू 'रेकॉर्ड' दाबतो, सगळे भावुक होतात. माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याचशा रेकॉर्डिंगने आपण म्हातारीला जपत नाही, तिच्यापासून मोकळे होतो. आवाज फोनमध्ये आला ना? झालं. आता तिची भाषा शिकायची गरज उरली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बंजारा. स्वतःला आम्ही गोर म्हणतो आणि बाहेरच्यांना कोर. तुम्ही कदाचित लमाण म्हणत असाल. ढावलो म्हणजे आमच्या बायकांचं रडणं. पण नुसतं हमसून रडणं नव्हे. चाल असते, शब्द असतात, क्रम असतो. नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो करते. बापासाठीचा वेगळा, भावासाठीचा वेगळा, सोबतिणींसाठीचा वेगळा, तांड्याच्या नायकासाठीचा वेगळा. लग्न ठरलं की जाणत्या बायका रात्री कामं आटोपल्यावर मुलीला घेऊन बसायच्या आणि कित्येक दिवस शिकवायच्या. जुन्या काळी शेवटी मुलगी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहायची आणि 'हवेली' म्हणायची, मागे राहणाऱ्या तांड्याचं भलं मागायची. पुढे आयुष्यभर तो ढावलो तिच्याजवळ असायचा. वर्षानुवर्षांनी बहीण भेटली की दोघी आधी एकमेकींच्या गळ्यात पडून ढावलो करणार, मग पाणी पिणार. कोणी गेलं तरी ढावलो. विनाकारण मात्र नाही. चांगल्या घरात, सणासुदीला उगाच कोणी ढावलो करत नाही. म्हणून दादीने विचारलं कोण मेलं.

ढावल्यात नावं येतात. बापाचं, त्याच्या बापाचं, कुठल्या तांड्यावरून कुठल्या तांड्यावर आणली, कोणत्या नाल्याकाठी कोण सुटून गेलं. आमच्यात गोत-पाडे सांगणारे भाट आणि ढाडी होते, पण ते पुरुषांच्या वंशावळी सांगायचे. बायकांची माहिती बायकांच्या रडण्यात राहायची.

माझ्या लग्नात दादी माझ्या गळ्यात पडली आणि तिने सुरू केलं. दोन-तीन ओळी झाल्या की ती थांबायची. मला वाटलं दम लागला. नंतर आईने सांगितलं, ती माझ्या ओळीची वाट बघत होती. ढावल्याला उत्तर द्यायचं असतं. मला रडू येत होतं, मी चिक्कार रडले, पण माझ्याकडे एकही शब्द नव्हता. फोटोत आम्ही दोघी छान दिसतो.

हे असं का झालं त्याचं उत्तर साधं आहे आणि त्यात आमच्या घरचे सगळे सामील आहेत. बाबा तांड्यावरून निघून एसटीत लागले आणि कारंज्यात खोली घेतली. मानोरा रोडवरून आत आमचा तांडा, फार लांब नाही. पण खोलीत आल्या दिवशी त्यांनी नियम केला की घरात मराठीच बोलायची. मी शाळेत गेले तेव्हा एका शिक्षकांनी माझी एक ओळ सगळ्या वर्गाला पुन्हा म्हणून दाखवली, माझ्या हेलात. वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर मी गोरबोली फक्त ऐकण्यापुरती ठेवली. दादी बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायची. अशी एका बाजूने भाषा बंद होते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण घरात बोलणं तर चालूच असतं.

बाबांना दोष देणं सोपं आहे. त्यांना मुलीला नोकरी लागायला हवी होती, ती लागली. मी त्यांच्यावर रागावत नाही. मी माझ्यावर रागावते, कारण माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि मी तिच्याशी मराठी आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलते. आणि ग्रुपवर 'बोली वाचवा' लिहिते.

आता कारंज्याबद्दल थोडं सांगते, कारण मला हा वाद सुचला तो या गावामुळे. पुण्या-मुंबईचे लोक कारंजा लाडला येतात ते गुरुमंदिरासाठी. नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. शहराला अजून एक मोठेपण आहे, ते गावातल्याही अनेकांना धड माहीत नाही. इथल्या दिगंबर जैन मंदिरांत हस्तलिखितांचे भांडार आहेत. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं गेल्या शतकात कारंज्याच्या जैन ग्रंथमालांत छापून आली, १९३१ साली 'जसहरचरिउ', १९३३ साली 'णायकुमारचरिउ'. अपभ्रंश ही भाषा बोलणारं कोणी शेकडो वर्षांत उरलं नव्हतं, तरी पोथ्या कपड्यात बांधून ठेवलेल्या होत्या, वाचणारे हीरालाल जैन आणि प. ल. वैद्य मिळाले, आणि साहित्य परत आलं. म्हणजे जपणं काय असतं हे या गावाला कोणी शिकवायला नको.

पण अजून एका हीरालालांची गोष्ट आहे. रायबहादुर हीरालाल. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची त्यांनी केली, ती १९२६ साली नागपुरात छापली. कारंज्याच्या भांडारांची दखल त्यात आहे. हेच हीरालाल त्याच्या दहा वर्षं आधी, १९१६ साली, रसेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या चार खंडी ग्रंथाचे सहायक होते. त्या ग्रंथात 'बंजारा' हे प्रकरण आहे. ते प्रामुख्याने कशावरून लिहिलं? वऱ्हाड पोलिसातल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याच्या एका पुस्तिकेवरून. ती मुळात १८६९ च्या आसपास लिहिली गेली असं मानतात, आणि १८८२ साली पुन्हा छापली गेली.

हे वाचल्यावर मी बराच वेळ फोन खाली ठेवला नव्हता. एकच विद्वान. पोथ्यांची नोंद करायची तेव्हा प्रत्येक पोथीचं नाव, कवीचं नाव, भाषा, साल. आणि त्याच जिल्ह्यातल्या तांड्यांवर लिहायचं तेव्हा आधार पोलिसाचा. हीरालाल दुष्ट होते असं मी म्हणत नाही, ते मोठे अभ्यासक होते. पण ज्याच्याकडे पोथी आहे त्याला विचारायला विद्वान जातो, आणि ज्याच्याकडे फक्त तोंड आहे त्याला विचारायला पोलीस जातो. हा क्रम तेव्हा होता.

पोलिसाच्या पुस्तकात पोलिसाला लागतं ते येतं. ताम्रपटाची गोष्ट त्यात आहे. शहाजहानच्या दख्खन मोहिमेत भंगी आणि जंगी नायकांचे बैल सैन्याला धान्य पुरवत होते म्हणून त्यांना सोन्याच्या अक्षरांत सनद दिली, घरांवरच्या छपराचं गवत आणि रांजणातलं पाणी घ्यायची मुभा, आणि दिवसाला तीन खून माफ. आमच्या पोरांना ही गोष्ट फार आवडते. स्टेटसला ठेवतात. तीन खून माफ! अरे, पण आमच्याबद्दल त्या पुस्तकातून नेमकं हेच उचलून तुम्ही मिरवताय. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ज्या काळात आला, त्याच काळातलं हे लिखाण. कायदा १९५२ साली गेला, पण त्या नजरेने केलेलं वर्णन आपण स्वतःचा इतिहास म्हणून फॉरवर्ड करतोय.

दादीच्या बोलण्यात ती सनद येत नाही. तिच्या बोलण्यात लदेणी येते. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून माल नेण्याचा धंदा म्हणजे लदेणी. तिच्या आजेसासऱ्याने ती शेवटची पाहिली असं ती सांगते. मीठ आणायचं, धान्य न्यायचं. बैल किती होते ते ती सांगत नाही, गोणी कशी शिवायची ते सांगते. कोणत्या टाक्याने, आतून कोणतं कापड, ओलीत मीठ पाझरू नये म्हणून काय. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं: १८०३ साली वेलस्ली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडला लढला तेव्हा त्याची भिस्त बंजाऱ्यांच्या बैलांवर होती, त्याच्या पत्रांत 'ब्रिंजारी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला शकुंतलाही धावू लागली. बैलांचं काम संपलं. आज कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जातो, आणि त्याच्या कडेच्या ढाब्यावर आमच्या तांड्याची दोन पोरं ताटं उचलतात. बरं, ते असू द्या.

आता ताजा विषय. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने मराठा समाजाच्या प्रमाणपत्रांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार धरला, आणि पाठोपाठ बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. मागणी अशी की त्याच कागदांत आमची नोंद आदिवासी म्हणून आहे, तर आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या. तेलंगणात आम्ही अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. एकाच गोताची तीन राज्यांत तीन नावं. प्रश्न खरा आहे. माझा मोर्च्याला विरोध नाही. मी गेलेही होते, पाणी वाटलं. आदिवासी संघटनांचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही ऐकायला हवं, पण तो या लेखाचा विषय नाही.

विषय असा आहे की त्या दोन महिन्यांत दादीला भेटायला जेवढे लोक आले तेवढे गेल्या वीस वर्षांत आले नसतील. सगळे फोन घेऊन. आणि सगळ्यांचे प्रश्न आधीच ठरलेले. दादी, आपण मूळचे कुठले? आपण राजपूत होतो का? आपण जंगलात राहायचो ना? एकाला राजस्थान हवं होतं, एकाला जंगल हवं होतं, एकाला सिंधू संस्कृती हवी होती. दादी म्हणाली, "मी दिग्रसकडची." ते रेकॉर्डिंग कोणी अपलोड केलं नाही.

तांड्यातांड्याच्या गोष्टी जुळत नाहीत. आमच्याकडे मूळपुरुषाची गोष्ट एक आहे, सासरच्या तांड्यावर दुसरी. दादी दोन्ही सांगते आणि तिला त्यात काही अडचण वाटत नाही. ही त्यांची, ही आपली. अडचण आपल्याला वाटते, कारण आपल्याला अर्जासोबत जोडायला एक प्रत हवी असते. मग समाजातले शिकलेले लोक बसून एक गोष्ट ठरवतात, बाकीच्या चुकीच्या ठरतात, आणि पुढच्या पिढीतल्या म्हाताऱ्या ती ठरलेली गोष्ट सांगायला लागतात, कारण नातवांनीच ती त्यांना ऐकवलेली असते. सरकारी कागद मागतो म्हणून कागद द्या. पण दादीला कागद करू नका.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला हे लिहावंच लागलं.

लग्नानंतर आठवड्याने मी तांड्यावर गेले आणि दादीला ते रिमिक्स पुन्हा ऐकवलं, माफी मागण्यासाठी. तिने ऐकलं. मग विचारलं, यांनी हाच तुकडा का घेतला? मी म्हटलं, तिथे तुझा आवाज चढतो म्हणून. ती बराच वेळ गप्प बसली. नंतर तिने सांगितलं त्या ओळींत कोण आहे. यापुढे मी तिचं बोलणं मराठीत लिहितेय आणि त्यात बरंच सांडतंय.

तिच्या सासूची एक चुलती होती. त्या वर्षी तांड्यावर ढोरं मेली, मग एक पोर मेलं. भगताला विचारलं. भगताने त्या बाईचं नाव घेतलं. डाकण. बाई विधवा होती आणि तिच्या नावावर दोन चांगले बैल होते, दिरांना ते हवे होते. दादी हे दोन्ही एकाच दमात सांगते, ढोरं मेली आणि बैल चांगले होते. रात्री नसाब बसली, म्हणजे पंचायत. काय ठरलं ते बायकांना न सांगताच कळलं. तिला एका बाईने पहाटेआधी नाल्यातून काढून दिलं. ती चालत कारंज्याला आली आणि एका जिनात सरकी वेचायला लागली. परत कधी तांड्यावर आली नाही. तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. पुरुषांनी ते पाळलं. बायकांनी ते ढावल्यात घातलं, बहिणी-बहिणींच्या मध्ये, जिथे पुरुष ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

माझ्या घरात सगळे म्हणतात की आमच्यातून कारंज्यात पहिले आले ते बाबा. पहिली आली ती ही बाई. आणि तिच्या नावाच्या ओळीवर नवरी मांडवात आली.

पोलिसाच्या पुस्तकात डाकण मारण्याची रीत आहे, विस्ताराने आहे. बंजारा लोक असं करतात, एवढंच. बाई नाही, बैल नाहीत, दीर नाहीत. आमच्या आजच्या पुस्तिकांत आणि भाषणांत ही रीत अजिबात नाही. तिथे बंजारा बाई शूर, कलाकुसर करणारी, स्वतंत्र. पोलिसाने तिला पुरावा केलं, आपण तिला पोस्टर केलं. ती नावानिशी राहिली फक्त एका रडण्यात, आणि ते रडणं मला समजत नव्हतं. माझ्याकडे दोन वर्षं ती फाइल होती. फुल चार्ज, क्लाउडवर बॅकअप.

पोहरादेवीला आता संग्रहालय झालंय, 'नंगारा'. मानोरा तालुक्यात, कारंज्याहून जवळच. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. रामनवमीच्या यात्रेला तिथे जो समुद्र लोटतो तो तुम्ही पाहिला नसेल तर पाहा. मी मुलीला घेऊन गेले होते. संग्रहालय असू नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ज्यांच्या आज्यांना स्टेशनात हजेरी द्यावी लागत होती, त्यांच्यासाठी दगडा-सिमेंटची इमारत ही लहान गोष्ट नाही. पण माझी मुलगी तिथे मोठ्या नंगाऱ्यापुढे उभी राहिली आणि तिने मला विचारलं, "मम्मी, हे लोक आता कुठे राहतात?"

हे लोक!

आणि तिला मराठीतच उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाला इमारत जबाबदार नाही.

भाषेचा हिशोबही बघा. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांवर होते, बंजारी सांगणारे १५ लाखांवर. एवढी माणसं. पण तक्त्यात दोन्ही 'हिंदी' या मथळ्याखाली जमा केलेली आहेत. आठव्या अनुसूचीत आमची बोली नाही, तेव्हा तिला कुठेतरी टाकायचं तर हिंदीत टाकली. आमच्यातले काही जण यावर निवेदनं देतात, बरोबरच आहे. पण निवेदन देऊन आल्यावर ते घरी मुलांना काय भाषेत ओरडतात, हे मी पाहिलंय. वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून ११ वर्षांहून जास्त काळ या राज्याचे मुख्यमंत्री होते, पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातून आलेले. सुधाकरराव नाईकही झाले. तेव्हा आम्हाला कोणी वरपर्यंत पोचू दिलं नाही ही तक्रार भाषेच्या बाबतीत तरी मला करता येत नाही. वर पोचता पोचता आम्ही ती खाली ठेवली.

मला माहीत आहे, तुमच्यातला कोणी आता म्हणेल की मग काय, म्हाताऱ्या मरू द्यायच्या आणि काहीच रेकॉर्ड करायचं नाही? कारंज्याच्या पोथ्यांचं उदाहरण तुम्हीच दिलंत. कोणी लिहून ठेवलं म्हणून पुष्पदंत राहिला.

खरं आहे. पण पोथी नकलून घेणाऱ्याला ती वाचता येत होती, निदान तिच्या शेजारी वाचता येणारा बसलेला होता. माझ्या फाइलच्या शेजारी कोणी बसलेलं नाही. पोथीला सूची आहे, त्रेचाळीस मिनिटांना फक्त तारीख आहे. शंभर वर्षांनी कोणी हीरालाल आला तरी त्याला दादीच्या आवाजात नाव कुठे सुरू होतं आणि हुंदका कुठे, ते कळणार नाही. आज ते कळणाऱ्या पंधरा-वीस बाया एका तांड्यावर आहेत. त्या बसल्या आहेत, त्यांना वेळही आहे. त्यांना रोज भेटणारी नातवंडं आहेत, आणि ती नातवंडं त्यांच्याशी मराठीत बोलतात.

दुसरी गोष्ट, जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही, आणि जो म्हणेल त्याने ती नाल्यातून पळालेली बाई आठवावी. ज्या मुलींना ढावलो शिकवायचे त्या बारा-तेरा वर्षांच्या असायच्या. रडण्याचं शिक्षण द्यावं लागत होतं कारण रडण्यासारखं होतं. मला तो तांडा परत नकोय. मला माझी मुलगी बैलावर उभी करायची नाही. मला फक्त एवढं हवंय की दादी थांबली तर पुढची ओळ मला यावी. वाईट गोष्ट सांगितली तर वाईट म्हणून समजावी, आणि तिला प्रश्न विचारता यावा, कारण फाइलला प्रश्न विचारता येत नाही.

आणि हो, परवानगी. दादीने घरात ढावलो करायला तीनदा नकार दिला होता. मी हट्ट केला. चौथ्यांदा ती म्हणाली, घरात नाही, वावरात चल. म्हणजे तिने अशुभ घरापासून लांब ठेवलं, आणि मी ते खिशात घालून घरी आणलं, ग्रुपवर टाकलं, तिथून मांडवात गेलं. कोणत्या गाण्याला कोणती वेळ, कोणती जागा, कोणी ऐकायचं, कोणी नाही, हे सगळं त्या गाण्याचाच भाग आहे. लेंगी होळीची, आणि आमची होळी पहाटे पेटते. दिवाळीच्या अमावस्येला पोरी दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागायला जातात ते त्याच रात्री. रीलला रात्र नसते. तुम्ही म्हणाल इतका विचार केला तर काहीच पोस्ट करता येणार नाही. काही गोष्टी पोस्ट करता येणार नाहीत, हो.

गेले सहा महिने मी रोज रात्री दादीला फोन करते आणि गोरबोलीत बोलते. म्हणजे बोलण्याचा प्रयत्न करते. ती हसते, मी क्रियापदं चुकवते. मुलगी शेजारी असते. तिने एक शिवी उचललीय, अगदी बरोबर उच्चारात. बाबांनी ती ऐकली तेव्हा आधी दचकले, मग आतल्या खोलीत जाऊन हसत बसले. सव्वीस वर्षांनी त्यांच्या घरात कोणी त्या भाषेत शिवी दिली होती.

आता आम्ही दोघी ती फाइल मिनिटामिनिटाने ऐकतो. एका मिनिटाला कधी एक अख्खी संध्याकाळ लागते. लिहून घेते मी, देवनागरीत. काही ओळी ती लिहू देत नाही.

सतराव्या मिनिटाला एक शब्द आहे, तो मला दोन वर्षं छळत होता. ओळीच्या मध्येच, मोठ्याने, 'हिर्रो'. कुठेच बसत नव्हता. मी तो समाजाच्या एका अभ्यास ग्रुपवर विचारला होता. एकाने सांगितलं की हा 'हिरण्य' या शब्दापासून आला, म्हणजे आपल्याकडे सोनं होतं. दुसऱ्याने त्याला थेट हडप्पाला नेलं. तिसऱ्याने लिहिलं की ही आपल्या हरवलेल्या देवीची हाक आहे, आणि त्याला चाळीस अंगठे मिळाले. मीही एक दिला होता.

परवा रात्री मी तो तुकडा दादीला फोनवर ऐकवला. तिने पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा लावला. मग तिकडून हसण्याचा आवाज आला, आणि मागे काकूचाही.

"शेळी," दादी म्हणाली. "तुरीत तोंड घालत होती. तू फोनकडे बघत होतीस, तुला दिसली नाही."